चालीत भरलेले शब्द

झाडीपट्टीतल्या नाटकांसाठी मी गाणी लिहितो. पेटीवाला आधी चाल देतो. खरे शब्द सुचेपर्यंत तालमीसाठी तिच्यात तोंडाला येईल ते भरून द्यायचं. यंदा निरोपाच्या गाण्यात मी बायकोचं रोजचं बोलणं भरलं, ‘जेवून घ्या, थंडं होऊन राह्यलं.’ मग खरे शब्द आठ दिवस लिहीत-खोडत बसलो. ते पुरे व्हायच्या आत ब्रह्मपुरीजवळच्या प्रयोगात नायिकेनं तालमीतलं बायकोचं बोलणंच गायलं. मी विंगेत चडफडत येरझारा घालत होतो आणि समोर बाया पदरानं डोळे पुसत होत्या. वन्समोअर आला.

घरी येऊन बायकोवर तणतणलो, की तुझ्या बोलण्यानं माझं गाणं गेलं.

ती म्हणाली, “लोकं आयकून रडले. तुम्ही आयकून एक दिवस तरी जेवाले उठले का?”