ताईसाठी वकील पाहताना

काही घरांत भांडी साठतात, आमच्या घरात बैठका साठल्या. ताईच्या घटस्फोटासाठी वकील करायचा की नाही, याची पहिली बैठक बसली तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते. निर्णय झाला तेव्हा बी.ए.! मैत्रिणी म्हणतात, "पुन्हा सांग ना." आणि दर वेळी एखादा किस्सा जास्तीचा निघतो.

आधी मुद्दा सांगते. सुमनताईचं सासर उमरेडचं. भाऊजींना कोळशाच्या खाणीत नोकरी लागली आणि त्यांनी तिथल्या क्वार्टरमध्ये दुसरं बिऱ्हाड मांडलं. ताईला ते नेतही नव्हते आणि सोडतही नव्हते. ती नागपूरला, सक्करदऱ्याला माहेरी आली आणि पुन्हा घरच्या हातमागावर बसली. तिला मोकळं व्हायचं होतं. हे ती एकदाच बोलली. पुढची चार वर्षं आम्हीच बोललो.

* * *

पहिला मान अर्थातच पंचांचा. मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, म्हणाले, "आपल्या समाजात आजवर कोणी वकील केला का? पंच बसवू."

पंच बसले. पोहे झाले, चहा झाला, दोन मुलींची स्थळं सुचवून झाली, भिवापूरच्या मिरचीचा भाव झाला. चपला घालता घालता एका पंचांना आठवलं. "पण आज बैठक काहून होती गा?"

मोठे बाबा म्हणाले, "पोळा झाल्यावर सांगतो."

* * *

माझा काही पोळ्यापर्यंत धीर निघेना. कॉलेज बुडवून मी एकटीच एका वकिलाकडे गेले. स्त्रीचे हक्क, समाजाचा दांभिकपणा, वडीलधाऱ्यांचा भित्रेपणा असं सगळं अर्धा तास ऐकवलं. वादविवाद स्पर्धेत मला ढाल मिळाली होती, त्यामुळे सराव होता.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "किती वर्षं झाली तुमच्या लग्नाला?"

"माझं लग्न झालेलं नाही. ताईचं झालंय."

"मग त्यांना पाठवा," ते म्हणाले. "त्या कमी बोलत असतील तर बरं."

* * *

शेवटी एकदाचे मोठे बाबा वकील बघायला तयार झाले. बघायला म्हणजे अक्षरशः बघायला. जन्म मागावर गेलेला माणूस; समोरच्याचं तोंड नंतर, कापड आधी. नमस्कार करतानाच त्यांनी पहिल्या वकिलांच्या कोटाची बाही चिमटीत धरली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "सूत कच्चं आहे."

दुसऱ्याचा कोट मिलच्या कापडाचा निघाला. तिसऱ्याचा तर म्हणे जांभळट काळा होता.

मी चिडले. "तुम्हाला वकील करायचाय की लुगडं घ्यायचंय?"

"ज्याले आपल्या अंगावरचं कापड ओळखू येत नाही," मोठे बाबा शांतपणे म्हणाले, "तो आपला जवाई काय ओळखणार वं?"

* * *

सगळ्यांत कहर पत्राचा. आमच्या घरी कोणतंही मोठं काम जावयाला विचारल्याशिवाय होत नाही. म्हैस घ्यायची असो की नवा माग, आधी जावयाचा सल्ला. एके दिवशी मोठ्या बाबांनी मला इनलँड घेऊन बसवलं आणि मजकूर सांगू लागले. "जवाईबापूंस अनेक आशीर्वाद. सुमनच्या फारकतीसाठी वकील करणे आहे. तरी नागपुरात चांगला वकील कोणता, ते आपल्या विचाराने कळवावे."

मी पेन खाली ठेवलं. "ज्याच्यावर केस करायची त्यालाच विचारता?"

"मंग? उद्या कळलं का आपल्याले विचारलंच नाही, तर तो रुसन ना!"

पत्र गेलं. आठ दिवसांत उत्तरही आलं. नागपुरातल्या महाल भागातल्या एका वकिलांचं नाव, पत्ता, आणि खाली 'इकडच्या एकाची हरलेली केस त्यांनी जिंकून दिली' अशी शिफारस. विचारल्याचा भाऊजींना आनंदच झाला असावा. हे लोक वकील करत नसतात, याची त्यांना खात्रीच होती.

ते पत्र भिंतीवरच्या पत्रांच्या तारेला अडकवलं होतं. पुढे ते तिथे दिसेना. आई म्हणाली, उंदरांनी नेलं असेल.

* * *

मग धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलावून तेहतीस अनारसे द्यायचे. मी आदळआपट केली. मोठ्या बाबांनी निकाल दिला, "कागद होईपर्यंत तो जवाईच."

भाऊजी आले. इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी साळसूदपणे पाटावर बसले. ताई मागावरून उठली, हात धुतले आणि स्वतः ताट घेऊन आली. आईनं डोळ्यांना पदर लावला. बाबा तर सुटल्यासारखे भिंतीला टेकले. मी दारात उभी, दातओठ खात.

भाऊजी खुशीत येऊन म्हणाले, "म्हणजे आता वकिलाचं काही काम राहिलं नाही म्हणा."

"नाही राहिलं," ताई वाढता वाढता म्हणाली. "तुमी लिवून पाठवला होता, तोच केला मी. महिना झाला. चांगला माणूस आहे. आता तुमाले दुसरा पाहा लागन."

भाऊजींचा अनारसा तोंडापाशीच थांबला.

मग मोठ्या बाबांनी घसा साफ केला. "सुमे, कोट कसा होता त्याचा?"

"हातमागाचा. बोटानं पाहून घेतला."

मोठ्या बाबांनी मान डोलावली, आणि भाऊजींच्या ताटात चमचाभर तूप वाढलं.