आबांनी निवडलेलं खोकं

मी बेस गिटारकडे वळलो ते काही कलेच्या ओढीने नाही. सुरतेत लिंबायतला आमचा सहा जणांचा ऑर्केस्ट्रा होता. लग्न, गणपती, नवरात्र, जे बोलावतील त्यांच्याकडे जायचो. त्यात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो; निदान माझी तशी समजूत होती. नव्वदनंतरची चारपाच वर्षं गेली असतील, तेव्हा एक नवा गिटारवाला आला. पहिल्याच तालमीनंतर आमच्या मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, "भाऊ, तू आता बेस घे. चारच तारा असतात. झेपेल तुला."

मी लगेच हो म्हणालो. मास्तरांना वाटलं, किती समजूतदार मुलगा! खरं कारण घरी होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, धुळ्याकडून येऊन वीसेक वर्षं पॉवरलूमवर होते. लूमच्या कारखान्याला सुरतेत सगळे खातं म्हणतात. त्या खात्यातल्या खडखडाटाने आबांचे कान हळूहळू नेले. ढोल, दार आपटलेलं, आईने रागात ठेवलेलं पातेलं, समोरून मोठ्याने बोललेलं, एवढं त्यांना कळायचं. बारीक, उंच आवाज मात्र पार गेले होते. मी घरात गिटार घेऊन बसलो की ते माझ्या बोटांकडे बघत राहायचे आणि शेवटी म्हणायचे, "आधी स्विच तर चालू कर, भो."

आई हसायची, मीही हसायचो. पण चार नातेवाइकांची बोलणी खाऊन ज्या माणसाने मला गिटार घेऊ दिली, त्याने माझा एक सूर ऐकलेला नव्हता. बेसचे सूर जाड. ते तरी पोचतील, असं मला वाटलं.

एका मित्राचा बेस मिळाला. मी शहाण्यासारखा तो गिटारच्याच जुन्या अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याला, जोडला. म्हशीने पाण्यात तोंड घालून फुरफुरावं तसा आवाज आला, आणि आठवड्यात स्पीकरचा कागद फाटला. आबांना विचारलं, "काही ऐकू आलं?" ते म्हणाले, "काहीतरी जळाल्याचा वास आला."

म्हणजे बेसचाच अ‍ॅम्प हवा होता. आबांच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना चला म्हणालो. खोकं उचलायला माणूस लागेल, असं निमित्त केलं.

आई अहिराणीत म्हणाली, "त्यासले कसाले लई जास? त्यासले काय ऐकू येस?"

"म्हणूनच नेतोय," मी म्हणालो. आईने आबांना धुतलेला सदरा काढून दिला.

रिंग रोडच्या मागे जुनं साउंडचं सामान विकणारं एक दुकान होतं. दुकानदार गुजराती, जिभेवर साखर. "आवो काका, बेसो," म्हणत त्याने आबांना स्टूल दिलं आणि माझ्यापुढे दोन अ‍ॅम्प मांडले. एक चकचकीत, आठ बटणांचा, लाल दिव्याचा. दुसरा म्हणजे काळं, कोपरे झिजलेलं खोकं. त्यात पंधरा इंची एकच स्पीकर, बटणं दोन, आणि वजन असं की दुकानदाराने तो पायानेच सरकवला.

मी अर्थातच बटणांवर भाळलो. कोणतं बटण काय करतं हे कळत नव्हतं, पण प्रत्येक फिरवून मान डोलावत होतो. "काय आवाज आहे!" मी आबांना ओरडून म्हणालो.

आबा उठले. खात्यात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे लूम बिघडला की नाही हे जुना कारागीर त्याच्या सांगाड्यावर हात ठेवून ओळखतो. आबांनी तसाच तळहात चकचकीत अ‍ॅम्पच्या डोक्यावर टेकवला. "वाजव."

मी वाजवलं.

"हाई रिकामं शे," ते म्हणाले.

दुकानदार दुखावला. "काका, ये तो एकदम नवा मॉडेल है!"

"असू दे. लाकूड पातळ आहे. थरथरतंय नुसतं." मग ते काळ्या खोक्याकडे गेले, हात ठेवला, आणि जरा वेळाने, दुकानदाराला न विचारता, सरळ त्याच्यावर बसले. "आता वाजव."

मी आमच्या ऑर्केस्ट्रातली गरब्याची चाल धरली. आबा डोळे मिटून बसले होते. पायाचा अंगठा हलायला लागला. दुकानदार काहीतरी भाव सांगू लागला, तर आबांनी डोळे न उघडता त्याला हातानेच गप्प केलं. माझी बोटं त्यांच्याकडे बघण्याच्या नादात घसरली, एक ठोका गेला, मी तसंच पुढे रेटलं.

आबांनी डोळे उघडले. "मजारमा धागा तुटना."

मध्येच धागा तुटला, असं म्हणाले. मी थांबलो.

"काय?"

"तिथं. आता. तुटला ना?"

"हो, तुटला," मी म्हणालो आणि बाहीने डोळे पुसले. दुकानदाराला वाटलं, बाप ओरडला म्हणून पोरगा रडवेला झाला. तो घाईघाईने म्हणाला, "काका, जवा दो, शीख जाएगा."

आबा खोक्यावरून उठले नाहीत. "सुरुवातीपासून वाजव," ते म्हणाले. "मी बसलोय."