पाचव्या माणसाचे बजेट

जोतिराम आमच्या सुताच्या पेढीवर टेम्पो चालवतो. मी तिथेच हिशेब पाहतो. तो मूळचा सांगोल्याकडचा, घरात पिढ्यानपिढ्या मेंढरे. हा मात्र तरुणपणीच सोलापुरात आला आणि कुंभारीच्या कामगार वसाहतीत दोन खोल्यांत स्थिरावला. बायको केराबाई टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते. दोन मुली शिकतात. चार माणसांचे घर बेताने, पण कुणापुढे हात न पसरता चालते.

त्याची आई दगडाबाई गावी एकटीच असायची. सत्तरी ओलांडलेली, सोबतीला पाच शेळ्या. थंडीत ती बांधावरून घसरून पडली आणि तेव्हापासून आईला इकडे आणायचे, हेच जोतिरामच्या डोक्यात घोळत होते. केराबाईची ना नव्हती, पण हो सुद्धा नव्हते.

"माया लई हाय, पर पाचवं ताट कशातनं वाढू?" एवढेच ती विचारायची.

बजेटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आला. एका बातम्यांच्या चॅनेलने 'तुमच्या घराचे बजेट' अशी सोय काढली होती. मिळकत लिहायची, माणसे किती आणि त्यांची वये काय ते भरायचे. नव्या बजेटने तुमच्या घराला महिन्याला फायदा की तोटा, ते लगेच उमटायचे.

"अण्णा, चार माणसं घातली तर तीनशेचा फायदा दावतंय. आईला धरून पाच घातली तर साडेअकराशे!"

"अरे, खाणारे तोंड वाढल्यावर फायदा कसा वाढेल?"

"ते मला काय ठावं? पर टीव्हीवाले खोटं कशाला सांगतील? त्यांचं काय माज्या आईशी वाकडं हाय का?"

"बघू सावकाश," असे म्हणून मी डबा उघडला.

तो सावकाश बघणारा नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने आईला फोन केला. पुढच्या बाजाराला दगडाबाईने शेळ्या विकल्या, दाराला कुलूप घातले आणि एक बोचके घेऊन ती एसटीने कुंभारीला आली.

तिला येऊन पंधरवडा होत आला असेल. धाकट्या पायलने सहज दुसऱ्या चॅनेलच्या तसल्याच सोयीत तीच माहिती भरली. पाच माणसे. उत्तर आले, महिन्याला सहाशेचा तोटा.

रविवारी सकाळी नवराबायको माझ्या घरी हजर. पायलचा मोबाइल केराबाईच्या हातात.

"शेळ्या इकायच्या आदी आनखी एक टीव्ही बघायचा हुता की," केराबाई बसायच्या आधीच म्हणाली.

"कौल दोनदा लावत्यात व्हय गं?" जोतिराम उसळला.

त्यांच्या वाडीत बिरोबाला कौल लावतात. देवाच्या दोन्ही अंगांना फुले चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवे पडले तर होय, डावे पडले तर नाही. एकदा मिळालेला कौल पुन्हा विचारायचा नसतो, देवाचा अपमान होतो. जोतिरामने चॅनेललाही तोच मान दिला होता.

"बिरोबा मधीच साबन इकत न्हाय," केराबाईने सुनावले. "आता अण्णा सांगतील त्ये खरं."

मी चष्मा लावला आणि दोन्ही चॅनेलच्या उत्तरांखालची बारीक अक्षरे वाचली. पहिल्याने धरले होते की घरात म्हातारे माणूस आहे म्हणजे दरमहा बरीच औषधे येणार, आणि ती आता स्वस्त होणार.

"आई कोणती औषधे घेते?"

"औषद? गुडघ्याला कोमट त्याल लावती."

दुसऱ्याने धरले होते की म्हाताऱ्या माणसाचा आरोग्य विमा असणार आणि त्याचा हप्ता वाढणार. विमा तर या घरात कुणाचाच नव्हता.

"म्हणजे दोन्ही तुमच्या घराचे नव्हेत," मी म्हणालो.

"मग आमच्या घराचा आकडा कंचा?" जोतिरामने विचारले.

मी कागद ओढला. मोठ्या उत्साहाने सुरुवात केली आणि लगेच अडलो. ज्वारी केराबाईच्या माहेरून, मंगळवेढ्याहून येते, तिचा भाव काय धरायचा? दगडाबाई आल्यापासून संध्याकाळच्या भाकरी तीच थापते, म्हणून केराबाई कारखान्यात जास्त वेळ थांबून मजुरी वाढवते. ही कमाई नेमकी कुणाची? आणि बजेटचा यात हात किती? खोडाखोड वाढत गेली. शेवटी मी पेन ठेवले.

"मला सांगता येत नाही."

"बी.कॉम. असून?" जोतिराम खरोखरच घाबरला.

"असून."

केराबाईने मोबाइल पिशवीत टाकला.

"फायद्याचा बी भरवसा न्हाय, तोट्याचा बी न्हाय. मग आत्याबाईंस्नी माघारी धाडायचं तरी कुनाच्या सांगन्यावर? ऱ्हाऊ द्या त्यास्नी हितंच."

"आन् तोटाच झाला तर?"

"झाला तर मला कळंल की. पिठाचा डबा मीच भरती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अण्णा, रेशनकार्डावर नाव चढवायला कागद काय लागत्यात?"

गावच्या कार्डातून आधी नाव कमी केल्याचा दाखला आणा, मी सांगितले. ती मान डोलवून जिना उतरू लागली. जोतिराम मात्र उंबऱ्यावर घुटमळला.

"पर अण्णा, एक सांगा. फायदा झाला म्हनायचं का न्हाय?"

"चप्पल घाल," मी म्हणालो, "ती पुढे गेली."