वाणातला मसाला

बाळांनो, आमच्या दादरच्या इमारतीतल्या हळदीकुंकवाला एक अनोळखी बाई आली. ती दुसऱ्या कुणाची तरी पाहुणी असेल, असं प्रत्येकीला वाटलं. वाण द्यायचं ते यजमानीणबाईंनी, पण हिनेच सगळ्यांना गोड्या मसाल्याच्या पुड्या वाटल्या. "नोकरी गेली, आता हाच धंदा. जाहिरात परवडत नाही," ती म्हणाली.

आम्ही रीतीप्रमाणे "छान" म्हटलं.

तिने पदर खोचला. "छान म्हणणाऱ्या बायका परत मागत नाहीत हो. काय चुकलंय ते सांगा."

मग पुड्या उघडल्या, चिमूटभर चाखून झालं आणि कोणी थांबेना. लवंग, दगडफूल, भाजणी, अगदी तिच्या सासूने काय शिकवलं इथपर्यंत सगळं निघालं. ती शांतपणे मान डोलवत राहिली.

आता तो मसाला घरोघरी आहे. जी ती आल्यागेल्याला सांगते, "तिला मीच शिकवलं." मी तसं मिरवत नाही. लवंग कमी करायला मात्र खरोखरच मी सांगितलं होतं.