साहेब माणसं मोजायला आले तेव्हा

कुंभारवाड्याच्या पलीकडे, जंगलातल्या आमच्या वाडीत सरकारी बस वस्तीला यायची. संध्याकाळी रामनगरहून येऊन मुक्काम करायची आणि सकाळी परत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची पाळी घरोघर लावलेली असे. आमची पाळी आली की माझ्या वाट्याची माशाची तुकडी हमखास ड्रायव्हरअण्णांच्या ताटात जायची. तक्रार कुठल्या तोंडानं करणार? त्यांच्याच बसनं मी रामनगरच्या हायस्कुलात नववीला जात होते. पास होता, म्हणून बाबांना परवडत होतं. वाडीतून हायस्कुलात जाणारी मी पहिली मुलगी, आणि त्याचा मला माज होता, हे कबूल करते.

बस कायम खचाखच भरलेली असायची. बाजाराच्या दिवशी तर माणसं टपावरही बसत. एकदा तपासणीच्या साहेबांनी वाटेत गाडी अडवून टपावरच्यांना उतरवलं आणि अण्णांना दंड ठोठावला. वाडीला ते फार लागलं. आपल्या घरी जेवणाऱ्या माणसाला आपल्यापायी भुर्दंड बसावा, याची सगळ्यांना लाज वाटली.

त्यानंतर भातकापणीच्या दिवसांत कंडक्टरनं जेवताना सहज सांगितलं की सोमवारपासून आठवडाभर एक साहेब गाडीत बसून माणसं मोजणार आहेत. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो झोपायला गेल्यावर बाबांनी चार घरचे लोक जमवले.

"अण्णाला परत दंड झाला तर तोंड कसं दाखवायचं? आठवडाभर कुणी गाडीत चढायचं न्हाई. चालत जायचं."

"व्हय, बरोबर हाय," सगळे म्हणाले. अण्णांना सांगायचं नाही, असंही ठरलं. त्यांनी ऐकलं नसतं. त्यांनी विचारलंच तर कापणीचं निमित्त होतं.

लोक खरंच चालत गेले. डोक्यावर तांदळाची गाठोडी घेऊन, बस दिसली की झाडीत सरकून. गाडीत शाळेसाठी मुभा मिळालेली मी, दोन-चार परगावची माणसं आणि साहेब. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, "काय गं, तुझ्या गावचे लोक बसनं जात नाहीत?"

मी झटकन म्हणाले, "नाही साहेब, आमच्याकडं सगळे चालतच जातात."

त्यांनी ते लिहून घेतलं. अण्णांना वाचवलं म्हणून मी दिवसभर हवेत होते. घरी मात्र सांगितलं नाही, मोठ्यांच्या कामात तोंड घातलं म्हणून आई बोलली असती.

पुढच्या जूनमध्ये, मी दहावीत गेले तेव्हा, बस बंद झाली. लाईन तोट्याची म्हणून खाजगी टेम्पोवाल्याला दिली होती. पहिले आठ दिवस आम्हाला कौतुकच होतं. टेम्पोत गाणी लागायची आणि हात केला की तो कुठंही थांबायचा. पण भरल्याशिवाय तो हलायचा नाही, पास चालायचा नाही, आणि पाऊस लागला की चिखलाच्या अलीकडेच थांबायचा. कधी मी तिसऱ्या तासाला शाळेत पोचायची, कधी अर्ध्या वाटेवरून परत यायची. रामनगरात आमचं नात्यातलं कुणी नव्हतं आणि मुलींच्या राहण्याची सोयही नव्हती.

बाबा टेम्पोवाल्याकडे गेले. "पोरीची शाळा हाय ओ, येळेवर सोडा की."

"काका, एका पोरीसाठी डिझेल जाळू? सरकारला परवडलं न्हाई, मला कसं परवडंल?"

तो वाईट माणूस नव्हता. शिव्या घालाव्यात असं कुणी समोर असतं तर निदान मन तरी हलकं झालं असतं.

हजेरी कमी पडली. परीक्षेला बसता येणार नाही, असं गुरुजींनी सांगितलं. शेवटचा उपाय म्हणून बाबा अर्ज घेऊन डेपोत गेले. संध्याकाळी परत आले ते पायही न धुता पडवीत टेकले.

"मीच लोकांस्नी चालवलं," ते म्हणाले. "साहेब म्हणाले, गाडी रिकामीच होती. आणि वर म्हणाले, तुमच्याच गावचं म्हणणं हाय, लोक चालतच जातात म्हणून." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण बोललं असंल गं असं?"

मी तांदूळ निवडत होते. "काय की," म्हणाले.

त्यांचा संशय शेजारच्या काकांवर गेला. पुढं मरेपर्यंत बाबा त्यांच्याशी धड बोलले नाहीत.