वाकळीच्या पोटातला पेक्का

पेक्का लेहतो पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा नीनाबाईंनी त्याचं तोंड नंतर बघितलं, आधी पाय बघितले. सहा फुटांच्या वर गेलेला तो गडी उंबऱ्याबाहेरच बूट काढून, ते भिंतीला नीट लावून, मोज्यांवर आत आला. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत संसार करता करता त्यांची निम्मी हयात गेली होती, पण न सांगता बूट काढणारा गोरा माणूस त्यांनी तोवर पाहिला नव्हता. आमच्या फिनलंडात असंच असतं, एवढंच तो म्हणाला आणि गप्प बसला. वरची खोली त्याला मिळाली ती त्या बुटांपायी.

खोली लेकीची होती. अक्षया शिकायला साउथहॅम्प्टनला गेली, घर सुनं झालं, आणि नवऱ्याला, उल्हासरावांना, कारखान्यात कुणीतरी सांगितलं की गावातला हॉकीचा संघ परदेशी खेळाडूंसाठी बिऱ्हाडं शोधतोय. हॉकी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं गवताचं मैदान आलं. पहिल्या सामन्याला दोघं गेले तर समोर सगळा बर्फ. पायात पाती बांधलेले गडी एकमेकांना भिंतीवर आपटतायत, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती सुसाट सुटतेय. नीनाबाई स्वेटरवर कोट, कोटावर शाल घेऊन बसलेल्या. त्यांचं लक्ष आपल्या भाडेकरूवर. बाकीचे गोल करायला धावत होते आणि हा आपला मागंच.

"ह्यो पुढं का जात न्हाई वो?"

उल्हासरावांनी शेजारच्या गोऱ्याला विचारून घेतलं. पेक्का डिफेन्समन होता. मागं राहायचं, समोरच्याला वाट द्यायची नाही, आणि चकती आलीच तर अंग मध्ये घालायचं.

"म्हंजे मार खायचा पगार हाय म्हणा की," नीनाबाई म्हणाल्या.

एका हंगामासाठी आलेला पेक्का पुढं वर्षानुवर्षं राहिला. त्याच्या नावावर गोल म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पेपरात फोटो यायचा तो पुढं खेळणाऱ्यांचा, आणि त्याच्या कडेला पेक्काचं कोपर दिसायचं. सामन्यावरून घरी येई तो बरगड्यांवर निळंकाळं घेऊन. नीनाबाई आंबेहळद उगाळून गरम लेप द्यायच्या. बाकीचे खेळाडू त्याच्या पिवळ्या पोटाला हसायचे, आणि एकदा त्यातलाच एक सुजलेला गुडघा घेऊन गुपचूप स्वयंपाकघरात येऊन बसला. आंघोळीला पेक्काला पाणी लागायचं ते कढत, खिडकीच्या काचा घामेजेपर्यंत. उल्हासराव गॅसच्या बिलावरून कुरकुरायचे. नीनाबाई म्हणायच्या, माझ्या इचलकरंजीच्या बापासारखं आंघोळ करणारं माणूस भेटलंय, करू द्या.

बोलायचा मात्र नाही. पहिले काही महिने उल्हासरावांना वाटायचं, आपण मुका ठेवून घेतलाय. मग त्यांनाही त्या गप्प बसण्याची गोडी लागली. रविवारी जेवण झालं की पेक्का भांडी घासायचा, उल्हासराव पुसायचे, आणि अख्खं सिंक रिकामं होईस्तोवर दोघांत अवाक्षर नाही. वर नीनाबाईंना सांगायचे, "आज झकास गप्पा झाल्या." उल्हासरावांचे मित्र नीनाबाईंना वहिनी म्हणायचे ते ऐकून पेक्काही त्यांना वैनी म्हणू लागला. मराठी त्याला हळूहळू सगळं कळू लागलं, पण बोलता येणारे शब्द दोनच. दुसरा, बास.

संघाने करंडक जिंकला तो एकदाच, आणि तोही पेक्कामुळं असं उल्हासराव मरेपर्यंत सांगत. शेवटच्या क्षणी चकती गोलात शिरणार, तोच हा आडवा पडला. ओठ फाटला, खांद्यावर जर्सी उसवली. सगळं गाव नाचत असताना तो घरी आला, पांढरी जर्सी जुन्या कपड्यांच्या पिशवीत कोंबली, फेकून द्या म्हणाला, आणि भाकरीचा काला करून खाऊन झोपला. ओठ फाटलेल्या माणसाला चावायला कुठलं यायचं. नीनाबाईंनी जर्सी धुतली आणि ठेवून दिली. रक्ताचा डाग काही पुरता गेला नाही.

मग त्याचा गुडघा गेला आणि तो परत फिनलंडला गेला. तिकडं पोरांना खेळ शिकवतो. दिवाळीला न चुकता फोन करायचा, आणि तो आणि उल्हासराव फोनवरही गप्प बसायचे. उल्हासराव गेले तेव्हा विमान पकडून आला, खांदा दिला, आलेल्या लोकांच्या चहाचे कप विसळले आणि गेला.

त्या हिवाळ्यात नीनाबाई वाकळ शिवायला बसल्या. माहेरची रीतच होती. वापरून मऊ झालेली माणसाची धडुती बाहेर कुणाला द्यायची नाहीत, वाकळीत घालायची. एका अंगाला त्यांचं जुनं लुगडं, दुसऱ्या अंगाला उल्हासरावांचे कारखान्यातले निळे शर्ट, आणि मध्ये पोटात भर म्हणून पेक्काची जर्सी. ते गुळगुळीत कापड सुईखाली सारखं निसटायचं. नीनाबाईंनी टाके बारीक घातले, दाट घातले. तेव्हापासून त्या तिच्याखालीच झोपायच्या.

यंदाच्या जानेवारीत क्लबातल्या बाईचा फोन आला. पेक्काचा नंबर ते लोक निवृत्त करणार होते. म्हणजे काय ते अक्षयाने सांगितलं. "तो नंबर आता कुणी घालणार नाही, मॉम. रूफला लटकवणार, फॉर एव्हर. खूप मोठा ऑनर आहे. अँड त्यांना फायनलचा जर्सी पाहिजे, ओरिजिनल. पेक्का म्हणाला तुझ्याकडे असेल."

नीनाबाईंनी वाकळ मांडीवर ओढली. वाकळ उसवायची तर शर्टांच्या चिंध्या होणार. धुऊन धुऊन विरलेलं ते कापड दुसऱ्यांदा सुई सोसणारं नव्हतं. आणि न उसवावी, तर सारा जन्म मागं उभं राहिलेल्या पोराचं एकदाच काही वर टांगलं जाणार, ते आपण अडवल्यासारखं. अक्षया म्हणाली, तशीच नवी करून घेऊ, खाली बसलेल्यांना काय कळतंय.

"खोटं धडुतं टांगून टाळ्या घ्यायच्या व्हय त्यानं?" नीनाबाई म्हणाल्या, आणि कात्री घेऊन बसल्या. एक कोपरा उसवला. पुढं हात चालेना.

समारंभाच्या आदल्या दिवशी पेक्का आला. केस पिकलेले, एका पायाने लंगडत. बूट काढून आत आला. नीनाबाईंनी चहा दिला, वाकळ आणली, तिच्यावर कात्री ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. "तुझी हाय. तूच काप. माझ्यानं हुईना झालंय."

त्याने चहाचा कप बाजूला ठेवला. मग वाकळीवरून पंजा फिरवू लागला. मध्यावर कुठंतरी नंबरचं जाड कापड हाताला लागलं तसा थांबला.

"ह्याच्यावर काय आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"ह्यांचा शर्ट. निळा."

त्याने कात्री उचलून टेबलाच्या पार पलीकडं ठेवली आणि तिथूनच क्लबातल्या बाईला फोन लावला. इंग्रजीत म्हणाला, जर्सी सापडली, पण देता येणार नाही. बाईने बहुतेक कारण विचारलं.

"ती अजून वापरात आहे."

नवीच टांगा, पण नवी आहे असं माइकवर सांगून टांगा, म्हणाला. पलीकडं बाई काहीतरी समजावत होती, तिला ओरिजिनल हवी होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बास," तो मराठीत म्हणाला आणि फोन ठेवला.

नीनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग सुई त्याच्यापुढं धरली, कारण आताशा त्यांना नेढं दिसत नव्हतं. त्याने दोरा ओवून दिला. उसवलेल्या कोपऱ्यातून जर्सीची पांढरी कड बाहेर निसटत होती. पेक्का जमिनीवर बसला, दुखरा पाय लांब केला, दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं, आणि नीनाबाई पहिला टाका घालू लागल्या.