टूवूंबाहून पश्चिमेला, रामिरोच्या गाण्याला

नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात राहणाऱ्या मराठी माणसाला झणझणीत काही खायचं असेल तर ब्रिस्बेन गाठावं लागे. त्यामुळे हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये पश्चिमेकडच्या एका क्लबचं ‘मेक्सिकन नाइट: गाणी, जेवणासह’ असं पोस्टर दिसताच सुधीरने, म्हणजे माझ्या डॉक्टर नवऱ्याने, शनिवारची शिफ्ट बदलून घेतली. गाण्याशी आम्हा दोघांचंही काही देणंघेणं नव्हतं.

वॉरेगो हायवे सरळसोट आहे. डाल्बीला पेट्रोल भरून घ्या आणि अंधार पडायच्या आत पोहोचा. नंतर रस्ता कांगारूंचा असतो. वाटेत चिंचिला लागतं. नाव वाचूनच सुधीरच्या तोंडाला पाणी सुटलं. मिळाला खिमा भरलेला मिळमिळीत मीट पाय.

क्लब त्याच्या पुढच्या एका छोट्या गावात होता. जेवण म्हणजे मक्याच्या चिप्सवर टोमॅटो सॉस आणि वितळलेलं चीज. मी मुकाट्याने पर्समधून लाल तिखटाची डबी काढली. शेजारच्या टेबलावर एकटा जेवणारा गायक उठून आला आणि अगदी अदबीने त्याने चिमूटभर तिखट मागितलं.

हाच रामिरो, उत्तर मेक्सिकोचा. डोक्यावर जरीकाम केलेली परातीएवढी टोपी. ती क्लबची होती. त्याच्या गावाकडचे गायक साधी काउबॉय हॅट घालतात, समोर बसलेल्या गुरंवाल्यांसारखीच. म्हणजे हॉलभर त्याच्या गावचे शोभतील असे लोक, आणि मेक्सिकन दिसायला सोंग मात्र यालाच घ्यावं लागे.

आमच्याबरोबर जेवता जेवता त्याने आपली हकिगत सांगितली. गावाकडे तो अकॉर्डियनवर लोकांची गाणी बांधायचा: कुणाचं लग्न, कुणाचा शर्यतीचा घोडा, कुणाचा गोळी लागून मेलेला भाऊ. त्यातली एक-दोन रेडिओवर गाजली. मग एका ट्रूपबरोबर तो ऑस्ट्रेलियात आला, इथल्या एका नर्सच्या प्रेमात पडला आणि राहिला. आता आठवडाभर कत्तलखान्यात नोकरी, शनिवारी क्लबांत दुसऱ्यांची गाणी. स्वतःचं लिहिणं थांबलेलंच होतं. नुकतेच त्याचे वडील गेले. जाता आलं नाही, म्हणून त्याने त्यांच्यावर गाणं बांधलं. मॅनेजरने मात्र बजावलं होतं की रडकं काही नको.

“कुणी फर्माईश केली तर मॅनेजर नाही म्हणू शकत नाही,” रामिरो आमच्याकडे बघत म्हणाला.

पेशंटशीसुद्धा हळू आवाजात बोलणारा सुधीर भर हॉलमध्ये उभा राहिला आणि आम्ही खास टूवूंबाहून आलोय असं सांगून त्याने ते गाणं मागितलं. गाण्याच्या नावाचा उच्चार साफ चुकला.

रामिरोने टोपी काढून ठेवली आणि सुरुवात केली. पण त्याच्याकडे शोकाचं गाणंही पोल्काच्या नाचऱ्या ठेक्यावर जातं. दुसऱ्या कडव्याला लोक नाचायला उठले. तिसऱ्याला एकमेकांच्या कमरा धरून टेबलांभोवती रांग फिरू लागली. सुधीर त्यांना थांबवायला निघाला. मी त्याचा हात धरून ठेवला. रामिरो डोळे मिटून गात राहिला.

मॅनेजर जाम खूश झाला. “ब्यूटी, मेट! हे आधी का नाही गायलास? आता दर शनिवारी हेच.”

मी रामिरोला सॉरी म्हटलं. तो घाम पुसत म्हणाला, “असू दे. पूर्ण गाऊ तरी दिलं.”

निघताना त्याने त्या गाण्याची कॅसेट दिली. त्या वर्षी दिवाळीला आमच्या घरी मंडळी जमली असताना कुणीतरी ती लावली, आणि मुलंबाळं धरून सगळे नाचायला लागले. गाणं कशाचं आहे हे सांगावं की नाही, या विचारात आम्ही दोघं सोफ्यावर बसून राहिलो. मग सुधीर उठला आणि त्यांच्यात जाऊन नाचू लागला.